गावच्या वाचनालयात ग्रंथपालाची नोकरी घ्यावी का?

तुम्ही विचारलंय, ग्रंथपालनाची परीक्षा पास झालात, गावच्या वाचनालयात जागा निघालीय, तर घ्यावी का. मी हर्णै बंदराजवळच्या एका गावात ‘क’ वर्गाच्या (अ, ब, क, ड यांतला तिसरा सरकारी दर्जा) वाचनालयात ११ वर्षं आहे. आधी पैशाचं सांगते, कारण ते वाचनालय चालवणाऱ्या मंडळाचे लोक सांगायला लाजतात.

राज्याच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेल्या वाचनालयाला सरकारी अनुदान मिळतं आणि पगार त्यातूनच निघतो. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली तेव्हा मी पेढे वाटले होते. वाढ धरून मला महिन्याला ४,००० रुपये पडतात. महिन्याला म्हणजे कागदावर; हातात येतात ते हप्ता जमा झाला की, आणि हप्ते वर्षाला दोन. मधले महिने वाण्याच्या वहीवर. मी आंब्याच्या मोसमात सकाळी पेट्या भरायला जाते, संध्याकाळी वाचनालय उघडते. घरात दुसरी कमाई नसेल तर नुसत्या या नोकरीवर राहू नका.

पुस्तक बदलायला येणारे पंचवीसेक, बहुतेक बायका. तरुण मुंबईला. बाकीचे येतात ते कागद घेऊन. “बाय, ह्यात काय लिवलंन बघ गो.” सातबारा, बँकेचं पत्र, भावकीच्या वाटणीची नोटीस. वाचून दाखवा, पण सल्ला देऊ नका. एका आजींना मी “काही नाही, नुसती माहिती मागवलीय” म्हणून धीर दिला आणि त्यांची तारीख चुकली. तेव्हापासून कागदावरची तारीख मोठ्या अक्षरात वेगळ्या चिठ्ठीवर लिहून देते आणि वकिलाकडे पाठवते.

बोटींवरचे बरेच खलाशी नेपाळचे आहेत. त्यांतला एक रोज पेपर वाचायला यायचा, ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत. लिपी तीच, त्यामुळे अक्षरं सगळी कळायची, शब्द अधूनमधून. “दीदी, ‘अवकाळी’ मतलब?” असं विचारायचा. सभासद व्हायला रहिवासाचा पुरावा हवा, तो त्याच्याकडे कुठला असणार? मी माझ्या नावावर पुस्तकं दिली. मंडळात बोलणी खाल्ली. १ जूनला मासेमारी बंद झाली की तो गावी जाई, जाण्याआधी पुस्तक परत. आमच्या दोन माजी पदाधिकाऱ्यांकडची पुस्तकं अजून यायचीत.

ग्रंथपालनाच्या वर्गात वर्गीकरण शिकवतात, इथे खरं काम दमटपणाशी. जून ते सप्टेंबर कपाटांना बुरशी, एरवी वाळवी आणि कसर. कडुनिंबाचा पाला, डांबरगोळ्या, आणि उघडीप पडली की दारं सताड उघडी.

३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमची कौलं उडाली. टाळेबंदीत वाचनालय बंद, त्यात रस्त्यावर झाडं आडवी; कुलूप काढलं ते तिसऱ्या दिवशी. वीज पुढे कित्येक आठवडे नव्हती, त्यामुळे पंखे नाहीत, आणि वर पाऊस सुरू झालेला. गुळगुळीत कागदाचे दिवाळी अंक चिकटून विटा झाले होते, ते सोडून दिले. साध्या कागदाची पुस्तकं पानांत रद्दी घालून बायकांनी घरोघर नेली आणि चुलीच्या वर दोऱ्या बांधून टांगली. चारशेच्या वर वाचली. अजून एखादी कादंबरी उघडली की सुकटीसकट धुराचा वास येतो आणि नवीन सभासद माझ्याकडे संशयाने बघतात.

म्हणून हो म्हणण्याआधी दोन गोष्टी बघा. मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट मागून घ्या, त्यात पगार खरोखर दिलेला दिसतो का ते कळेल. आणि वाचनालय बघायला उन्हाळ्यात जाऊ नका. जुलैत जा, कपाटाच्या मागच्या भिंतीला हात लावून बघा.