लिस्बनचा मुक्काम

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा आराखडा दोन्ही सावकाश वाचले. एकवीस दिवसांत लिस्बन, माद्रिद, पॅरिस आणि रोम बसवण्यासाठी तू बरीच मेहनत घेतली आहेस, तरीही माझे मत स्पष्ट सांगतो: बाकीची तीन शहरे काढून टाक आणि सगळा मुक्काम लिस्बनमध्येच ठेव. पहिल्या खेपेला मीही अशीच धावपळ केली होती आणि त्या प्रवासातली स्टेशने व बॅगा एवढेच आज आठवते. दुसऱ्या खेपेला मात्र आल्फामा भागात एक खोली घेऊन अठरा दिवस राहिलो. घरमालकीणबाईंनी किल्ली हातात ठेवताना जो शब्द उच्चारला, तो कानाला 'शाव्ह' असा लागला आणि क्षणभराने उमगले की ही तर आपली चावी! बटाटा, पगार, पाव हेही त्याच पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आलेले शब्द आहेत; तिथल्या मंडईत रोज एक फेरी मारलीस की ते एकेक करून भेटतील.

जूनमध्ये जा, कारण जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतात. 12 जूनच्या रात्री संत अँथनीच्या उत्सवात आल्फामाच्या गल्ल्यांमध्ये पहाटेपर्यंत गाणी चालतात आणि निखाऱ्यावर भाजलेल्या तारल्यांचा धूर भरून राहतो; ज्याला झोप प्रिय आहे त्याने त्या दिवसांत दुसरीकडे खोली घ्यावी. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या सामाईक प्रवास-परवान्याचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा तो शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नकोस, आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा काढायला विसरू नकोस.

खोली निवडताना एक गोष्ट ध्यानात घे. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपाने, त्यामागोमाग आलेल्या त्सुनामीने आणि आगीने शहराचा मधला भाग नष्ट झाला. नंतर पोर्तुगालच्या राजाचे मंत्री मार्क्विस ऑफ पोंबाल यांच्या पुढाकाराने तो सरळ, काटकोनी रस्त्यांचा बांधला गेला. तोच आजचा बायशा, सपाट आणि चालायला सोपा. आल्फामाचे चढ, जिने आणि वाकडे बोळ मात्र पुष्कळसे टिकून राहिले. मला आल्फामाच आवडतो, पण खोली कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नकोस. तिथले पदपथ चुनखडीच्या लहान लहान तुकड्यांचे असतात आणि वर्षानुवर्षांच्या वर्दळीने ते इतके गुळगुळीत झाले आहेत की पावसाची एक सर आली तरी पाय घसरतो. तेव्हा पकड असलेले बूट ने.

सकाळी एकच ठिकाण ठरव आणि दुपार मोकळी सोड, कारण जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो आणि संध्याकाळ भरपूर लांब मिळते. जेरोनिमोस मठ सोमवारी बंद असतो. तिथल्या चर्चमध्ये वास्को द गामाचे थडगे आहे आणि गोवा-कोकणाचा इतिहास माहीत असलेल्या माणसाला त्याच्यासमोरून चटकन पुढे जाता येत नाही. कार्मोच्या मठाला तर घाईने भेट देऊच नकोस. भूकंपात त्याचे छत कोसळले, ते पुन्हा घातले गेले नाही. खांब आणि कमानी तशाच उभ्या आहेत, त्यांच्यामधून थेट आकाश दिसते आणि सकाळी कमानींच्या सावल्या जमिनीवर हळूहळू सरकत जातात. मी तिथे दोन तास बसून होतो.

28 क्रमांकाच्या ट्रामने जायचे तर अगदी सकाळी जा, आणि पिशवी पुढे घे, कारण त्या गर्दीत खिसेकापू असतात. उपाहारगृहात न मागता समोर आलेला पाव आणि ऑलिव्ह यांचे पैसे बिलात लागतात. तो तिथला रिवाज आहे, नको असेल तर सौम्यपणे परत कर.

एका संध्याकाळी काइश दु सुद्रेच्या धक्क्यावरून पलीकडच्या कासील्याशची फेरी बोट पकड. तेजो नदीच्या पलीकडच्या काठावरून सगळे शहर टेकड्यांवर चढत गेलेले दिसते. परतीची शेवटची बोट कधी आहे हे जातानाच विचारून ठेव, म्हणजे अंधार पडेपर्यंत तिथे निवांत बसता येईल.

नवा आराखडा तयार झाला की तिकिटे काढण्याआधी मला पाठव.