कुत्र्याची जात पाहून बंदी घालणारे कायदे अन्यायकारक का मानले जातात?

माझ्या मते मुख्य दोष हा की, असा कायदा कुत्र्याच्या वागण्याऐवजी त्याच्या रूपाला शिक्षा देतो. ब्रिटनचा १९९१ चा धोकादायक कुत्र्यांविषयीचा कायदा घ्या. त्यात ‘जात’ हा शब्दही काटेकोर नाही; पिट बुलसारखा ‘प्रकार’ म्हटले आहे, त्यामुळे आईवडील कोणते यापेक्षा डोके, छाती आणि उंची यांच्या मोजमापाला महत्त्व येते. पुढे त्यात एक्सएल बुली या धिप्पाड कुत्र्याच्या प्रकाराची भर पडली, तेव्हा नराची खांद्यापाशी किमान उंची ५१ सेंटिमीटर आणि मादीची ४८ ठरवण्यात आली. म्हणजे कधी कोणावर भुंकलाही नसेल असा कुत्रा मोजपट्टीवर बसला की संशयित, आणि तो त्या प्रकारचा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची! (आरोपीवरच असा भार टाकणे फौजदारी कायद्यात एरवी अपवादानेच घडते.) १ फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये बंदीतून सूट मिळाल्याच्या प्रमाणपत्राशिवाय एक्सएल बुली पाळणे गुन्हा आहे.

आपल्याकडे केंद्राने १२ मार्च २०२४ च्या पत्राद्वारे २३ जातींवर बंदी घालण्यास राज्यांना सांगितले होते. मात्र संबंधितांशी सल्लामसलत न केल्याच्या कारणावरून कर्नाटक उच्च न्यायालयाने ते महिन्याभरातच रद्द केले.

चावा घेतला गेला तर भरपाई आणि कारवाई हवीच, परंतु ती साखळीने बांधून, मारून कुत्र्याला बिथरवणाऱ्या मालकावर व्हावी. जातीवरच्या बंदीपासून माघार घेणारे देशही आहेत: नेदरलँड्सने पिट बुलवरील बंदी उठवण्याचा निर्णय २००८ मध्ये घेतला.