नैराश्यग्रस्त पात्र संवेदनशीलपणे रंगवण्यासाठी अभ्यास कसा करावा?

कादंबरीच्या नायिकेचे नैराश्य खोटे वाटू नये, यासाठी काय वाचावे, असे आपण विचारले आहे. आधी निदानाचे निकष समजून घ्यावेत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या नियमावलीनुसार नऊपैकी किमान पाच लक्षणे दोन आठवड्यांच्या काळात दिसावी लागतात आणि त्यांत उदास मनःस्थिती किंवा कशातही रस न वाटणे, यांपैकी एक असावेच लागते. झोप आणि भूक कमी होण्याऐवजी वाढूही शकते, हे पुष्कळ लेखक विसरतात.

मात्र निकषांतून माणूस उभा राहत नाही. हा आजार भोगलेल्यांची आत्मकथने वाचावीत, आणि कोणी आपणहून बोलायला तयार असेल तर त्यांच्या कलाने, खोदून न विचारता, नुसते ऐकावे. तेव्हा कळते की हे दुःख नेहमी रडण्यातून दिसत नाही. दात घासायचा ब्रश हातात धरून बेसिनपाशी कितीतरी वेळ उभे राहणे, किंवा मैत्रिणीच्या ‘कशी आहेस?’ या निरोपाला उत्तर लिहून, खोडून, फोन पालथा ठेवणे, हेही नैराश्यच असते.

प्रेम लाभताच नायिका बरी झाली, असे कृपया दाखवू नये. औषधांचा गुण यायलाही साधारणपणे काही आठवडे लागतात. आत्महत्येचा प्रसंग अपरिहार्य असेल, तर पद्धतीचे तपशील कटाक्षाने गाळावेत, कारण अशा वर्णनातून अनुकरणाचा धोका वाढतो. छपाईपूर्वी हस्तलिखित एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला जरूर वाचायला द्यावे.