जुन्या हार्ड डिस्कची रुंद पट्टी आणि चाळीस पिना

प्रश्न : आमचा छपाईचा छोटा व्यवसाय होता, बाबा 2003-04च्या सुमारास घेतलेल्या कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका, अंक, स्मरणिका असं सगळं करायचे. तो कॉम्प्युटर आता चालू होत नाही, पण आतली 40 जीबीची हार्ड डिस्क मी काढून ठेवलीय. तिला मागे रुंद, भरपूर पिनांचं सॉकेट आहे आणि नवीन कॉम्प्युटरमध्ये तसलं काहीच दिसत नाही. दुकानदार म्हणतो भंगारात टाका. खरंच काही होऊ शकत नाही का? आणि ही मुळात जोडली जायची कशी? *(एक वाचक, इचलकरंजी)*

उत्तर : अहो अजिबात टाकू नका! सॉकेट जुनं झालं म्हणजे डिस्क मेली असं होत नाही, आणि अशा डिस्कमधून डेटा निघायची शक्यता बऱ्यापैकी असते. आधी जोडणी समजून घ्या, कारण घरी प्रयत्न करताना लोक चुकतात ते नेमके इथेच.

तुमच्या डिस्कला सगळे आयडीई म्हणतात, कागदोपत्री नाव एटीए, आणि सॅटा ही नंतरची, बारीक केबलची पद्धत आल्यावर तिला वेगळं ओळखायला पाटा म्हणायला लागले, तिन्ही एकच. 1980च्या दशकातल्या डिस्कना कंट्रोलरचं, म्हणजे डिस्कचं काम चालवणाऱ्या सर्किटचं, वेगळं कार्ड लागायचं, त्या कार्डापासून डिस्कपर्यंत दोन-दोन केबली जायच्या, आणि कार्ड बदललं की बऱ्याचदा डिस्क नव्याने फॉरमॅट करावी लागायची. मग 1986च्या आसपास वेस्टर्न डिजिटल, कॉम्पॅक आणि कंट्रोल डेटा या कंपन्यांनी मिळून तो कंट्रोलरच डिस्कच्या पोटाखालच्या हिरव्या बोर्डावर बसवला, त्यामुळे कॉम्प्युटरच्या बाजूला फारसं काही उरलंच नाही, फक्त बसच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत माहिती वाहणाऱ्या, तारा जवळजवळ जशाच्या तशा बाहेर काढून डिस्कपर्यंत न्यायच्या. ही रुंद पट्टी म्हणजे त्याच तारा. मला ही कल्पना आजही फार आवडते, कारण डिस्क स्वस्त झाली आणि कोणत्याही कंपनीची डिस्क कोणत्याही मदरबोर्डला चालायला लागली ती यामुळेच.

सॉकेटमध्ये 20-20च्या दोन ओळींत 40 जागा असतात. त्यातल्या 16 तारा डेटाच्या, म्हणजे एका दमात दोन बाइट शेजारीशेजारी जातात, म्हणून पॅरलल. बाकीच्यांत काही पत्ता सांगायला, काही वाच किंवा लिही हे सांगायला, एक रीसेटची, एक डिस्कने काम झालं म्हणून हाक मारायची, आणि उरलेल्यांत बऱ्याचशा अर्थच्या, म्हणजे अर्थिंगच्या. 20 नंबरची पिन मुद्दाम ठेवलेलीच नसते. तुमच्या डिस्ककडे नीट बघा, एका ओळीत साधारण मधोमध एक पिन गायब दिसेल, ती तुटलेली नाहीये, केबल उलटी बसू नये म्हणून ती सोय आहे आणि केबलच्या टोकालाही तेवढं भोक बुजवलेलं असतं. जुन्या काही केबलींना मात्र भोक बुजवलेलं नसतं, मग पट्टीच्या एका कडेची लाल तार बघायची, ती 1 नंबरच्या पिनेची. बहुतेक डिस्कवर लाल कड पॉवरच्या सॉकेटकडे येते.

पॉवर वेगळी असते, चार पिनांचा पांढरा मोठा कनेक्टर. पिवळी तार 12 व्होल्ट, लाल 5 व्होल्ट, मधल्या दोन काळ्या अर्थ. 12 व्होल्टवर मोटर फिरते, म्हणून नुसत्या यूएसबीच्या वायरीवर ही डिस्क कधीच चालणार नाही, हे लक्षात ठेवा.

आता तुमचं काम. बाजारात आयडीई ते यूएसबी ॲडॉप्टर मिळतो, एका तुकड्याला मोठं 40चं, लॅपटॉपच्या डिस्कचं छोटं 44चं आणि सॅटाचं अशी तिन्ही तोंडं असतात. घेताना पॉवरचा वेगळा ॲडॉप्टर सोबत आहे ना हे बघूनच घ्या, त्याच्याशिवाय मिळणारे तुमच्या काही कामाचे नाहीत.

लावायच्या आधी मागच्या पिना उजेडात धरून बघा. एखादी वाकलेली असेल तर शिसं काढलेल्या पेन्सिल-पेनाचं टोक त्या पिनेवर चढवायचं आणि हळूच सरळ करायची, पकडीने ओढायची नाही, तुटली की फार अवघड होतं. मग पिनांच्या आणि पॉवर सॉकेटच्या मध्ये जंपर असतो, एवढासा प्लास्टिकचा तुकडा, तो मास्टरवर आहे का बघा (एका केबलला दोन डिस्क लागतात, एक मास्टर, दुसरी स्लेव्ह). डिस्कच्या लेबलवर आकृती छापलेली असते. वेस्टर्न डिजिटलची डिस्क असेल तर एकटी डिस्क आणि सोबत दुसरी असलेला मास्टर यांच्या जागा वेगळ्या असतात, एकट्या डिस्कला जंपर काढून टाकायचा. नुसत्या चुकीच्या जंपरमुळे डिस्क डिटेक्ट होत नाही आणि माणूस समजतो गेली.

सगळं बंद असतानाच जोडायचं, आधी 40 पिनांचं तोंड, मग पॉवर, मग पॉवरचं बटण, डिस्क फिरल्याचा आवाज आला की शेवटी यूएसबी. आवाज एकसारखा असेल तर छान. टकटक टकटक असा ठोका देत असेल तर लगेच बंद करा आणि परत परत चालू करून बघू नका, ते काम डेटा रिकव्हरीवाल्याचं.

विंडोज डिस्क फॉरमॅट करू का विचारेल तर नाही म्हणा, काय वाट्टेल ते झालं तरी नाहीच म्हणा. परवानगी नाही असा मेसेज आला तर घाबरू नका, एक्सपीच्या जुन्या युजरच्या फोल्डरला तसं होतं, लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हने (म्हणजे विंडोजऐवजी पेनड्राइव्हवरच्याच लिनक्सवर) कॉम्प्युटर चालू केला तर बहुतेक वेळा तेच फोल्डर सरळ उघडतात. डिस्कवर काहीही नवीन लिहू नका, फक्त तिच्यावरून दुसरीकडे कॉपी.

आणि एक गोष्ट तुमच्यासाठी खास. बाबांची कामं पेजमेकर किंवा कोरलमध्ये, श्रीलिपी नाहीतर आकृतीसारख्या फॉन्टमध्ये असणार. तेव्हा युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना कळणारी अक्षरांची एकच पद्धत, नव्हतं वापरात, त्यामुळे फाइल आली आणि फॉन्ट नाही आला तर मराठीच्या जागी नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसतात. म्हणून विंडोजमधला फॉन्ट्स हा फोल्डर अख्खा कॉपी करून घ्याच! पेजमेकरच्या 6 आणि 7च्या फाइली इनडिझाइनच्या सीएस6पर्यंतच्या व्हर्जनमध्ये उघडतात, नव्या व्हर्जनमध्ये ती सोय काढून टाकलीय. फॉन्ट हातात असले की मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतो, मग बाबांच्या स्मरणिका आजही वाचता येतील.

प्रश्न : माझ्याकडच्या जुन्या पट्टी केबलला तारा 80 मोजल्या पण भोकं 40च. मग बाकीच्या तारा कुठे जातात? *(एक विद्यार्थिनी, जळगाव)*

उत्तर : छान निरीक्षण! जास्तीच्या 40 तारा सगळ्या अर्थच्या. वेग सेकंदाला 33 एमबीवरून 66वर न्यायचा ठरला तेव्हा शेजारच्या तारांचे सिग्नल एकमेकांत मिसळायला लागले, म्हणून दर दोन तारांच्या मध्ये एक अर्थची तार घातली. तुमच्या केबलची तोंडं निळं, राखाडी आणि काळं असतील. निळं मदरबोर्डला, काळं टोकाचं मास्टरला, राखाडी मधलं स्लेव्हला. एकच डिस्क असेल तर काळ्यालाच लावा, कारण टोक मोकळं राहिलं तर तिथून सिग्नल उलटा परततो आणि गडबड होते. निळ्या तोंडात 34 नंबरची जागा अर्थला जोडलेली असते, त्यावरून मदरबोर्डला कळतं की केबल 80ची आहे, नाहीतर तो वेग 33वरच ठेवतो. केबलची लांबी 18 इंचांपेक्षा जास्त चालत नाही. पुढे वेग 133पर्यंत गेला आणि तिथेच थांबला, कारण 16 तारांवरचे सिग्नल एकाच क्षणी पोचवणं कठीण होत गेलं. 2003पासून सॅटाच्या डिस्क बाजारात यायला लागल्या, तिथे डेटा जायला एक जोडी आणि यायला एक जोडी, बस.

प्रश्न : 160 जीबीची आयडीई डिस्क जुन्या पीसीत 128च्या आसपासच दिसते. खराब आहे का? *(एक वाचक, मडगाव)*

उत्तर : नाही, डिस्क बरोबर आहे. जुन्या पद्धतीत जागेचा पत्ता 28 बिटांचा होता, 512 बाइटचा एकेक सेक्टर धरला तर हिशोब 137 अब्ज बाइटवर संपतो, विंडोज तेच 128 जीबी म्हणून दाखवतं. पुढे 48 बिटांचा पत्ता आला. तुमचं बायोस (मदरबोर्डवरचं, पीसी चालू करणारं सॉफ्टवेअर) जुनं असेल किंवा एक्सपीला सर्व्हिस पॅक 1सुद्धा नसेल तर असं होतं. डिस्कवर जुना डेटा असेल तर त्या पीसीतून तिच्यावर काहीही लिहू नका, नव्या कॉम्प्युटरला ॲडॉप्टरने लावून आधी सगळं कॉपी करून घ्या, मग बायोस आणि सर्व्हिस पॅकचं बघा.