रिमॅच होणार होणार म्हणतात आणि मग काय होतं?

प्रश्न: बॉक्सिंगची मॅच क्लोज झाली की दुसऱ्या दिवशी सगळे रिमॅच रिमॅच, म्हणजे त्याच दोघांची परत मॅच लावा, असं करतात, दोन्ही बॉक्सर पण कॅमेऱ्यासमोर 'हो हो, करू' म्हणतात आणि सहा महिन्यांनी कळतं की टक्क्यांवरून फिसकटलं. आमच्याकडे कुस्ती मैदानाच्या पोस्टरवर एक नंबरच्या जोडीचं इनाम छापून मोकळे होतात. यांना एवढ्या पैशात काय जड जातं? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: अहो, तुमच्याकडे इनाम कमिटी ठरवते, पैलवान पैलवानाशी घासाघीस करत बसत नाही. इथे गॅरंटीची रक्कम असते, पण खरा मोठा पैसा तिकिटं आणि पे-पर-व्ह्यू, म्हणजे घरी बघायला लोक वेगळे मोजतात तो, त्यातून यायचा असतो आणि न आलेल्या पैशाचे वाटे सहीच्या आधी पाडायचे असतात. मग वाद एकच, लोक कुणाला बघायला येणार.

कनेलो आल्वारेझ आणि गेनाडी गोलोव्किनचं घ्या. सप्टेंबर २०१७, लास वेगास, मॅच ड्रॉ. गोलोव्किन जिंकला असं म्हणणारे भरपूर होते आणि एका जजने तर ११८-११० असं कनेलोला दिलेलं, त्यावर जो आरडाओरडा झाला तो विचारू नका. रिमॅच मे २०१८ ला ठरलं, तेवढ्यात कनेलो डोप टेस्टमध्ये सापडला, तारीख गेली, आणि गोलोव्किन म्हणाला आता जुन्या टक्क्यात मी येणार नाही. त्याचंही बरोबरच होतं की. शेवटी गाडी अडली कुठे तर अडीच टक्क्यांवर! ऐकायला किरकोळ वाटतं, पण गल्ला शंभर मिलियन डॉलर धरला तर ते पंचवीस लाख डॉलर होतात, शिवाय कमी घेतले की 'आपण दुय्यम' हे लेखी मान्य केल्यासारखं. ते जमलं एकदाचं, सप्टेंबरमध्ये मॅच झाली, कनेलो जिंकला.

पण मार्विन हॅगलरचं नाही जमलं, आणि मला विचाराल तर सगळ्यात वाईट त्याचंच वाटतं. एप्रिल १९८७, समोर शुगर रे लेनर्ड, जो तीन वर्षं रिंगमध्येच उतरला नव्हता. लेनर्डने पैशात कमीपणा घेतला आणि बदल्यात मागितलं काय, तर पंधराऐवजी बारा राउंड, मोठी रिंग, जाड ग्लोव्ह्ज. हॅगलरला वाटलं पैसे जास्त मिळतायत, देऊन टाकू. मोठ्या रिंगमध्ये लेनर्ड पळत पळत पॉइंट काढत राहिला आणि दोन जजनी त्याला, एकाने हॅगलरला, असा निकाल लागला. आजही लोक यावरून भांडतात. रिमॅच सगळ्यांना हवं होतं, पण लेनर्डला कशाला हवं असणार, त्याच्याकडे विजय होता, तो रिटायर झाला. हॅगलर वर्षभर वाट बघत बसला, मग कंटाळून ग्लोव्ह्ज टांगले आणि इटलीत जाऊन सिनेमात कामं करायला लागला. त्यानंतर लेनर्ड परत आला! पुढे ऑफर आली तेव्हा हॅगलरनेच नाही म्हटलं.

प्रश्न: करारात रिमॅच क्लॉज, म्हणजे हरलेल्याला परत मॅच मागता येईल असं कलम, टाकतात ना, मग त्याचं काय लोणचं घालायचं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: कधीकधी तोच क्लॉज पहिली मॅच पण घालवतो. २०२३ मध्ये हेवीवेट बॉक्सर टायसन फ्युरीने ७०-३० मागितले, समोरच्या ऑलेक्झांडर उसिकने चक्क हो म्हटलं, म्हणजे तीस टक्के घेतो म्हणाला, वेम्ब्लीची तारीख तोंडी ठरली, आणि मग रिमॅच झालं तर त्याचे वाटे कसे यावर सगळं कोसळलं. पुढे सौदीवाल्यांनी पैसा ओतला तेव्हा कुठे २०२४ मध्ये, मे महिन्यात एक आणि डिसेंबरमध्ये एक, अशा दोन्ही मॅच रियाधमध्ये झाल्या, दोन्ही उसिकने घेतल्या.

आणि क्लॉज वापरून पण काही होत नाही, एरल स्पेन्सला विचारा. जुलै २०२३ ला टेरेन्स क्रॉफर्डने त्याला तीनदा खाली पाडून नवव्या राउंडला थांबवलं. स्पेन्सने क्लॉज वापरला, पण मॅच इतकी एकतर्फी झालेली की परत बघायची हौस कुणाला? क्रॉफर्ड वजन वाढवून पुढे गेला आणि २०२५ मध्ये त्याने कनेलोला हरवलं.

प्रश्न: म्हणजे आम्ही फॅन लोकांनी ओरडायचंच नाही का? (तेच कोल्हापूरचे वाचक)

उत्तर: ओरडा की, फक्त तुमचा आवाज वाढला की ज्याच्या नावाने ओरडताय त्याचा भाव वाढतो आणि तो अजून पाच टक्के मागतो, एवढं धरून चाला. गार पडलात तर प्रमोटर, म्हणजे मॅच भरवणारा, म्हणतो मार्केटच नाही. २०१५ ला मेवेदर-पॅकियाव ४६ लाख घरांनी प्रत्येकी शंभरेक डॉलर मोजून विकत घेतली होती, मॅच निघाली रटाळ, त्यात पॅकियावचा खांदा आधीच दुखावलेला होता असं नंतर कळलं, फॅन चिडून कोर्टात गेले. आता त्या मूडमध्ये लगेच रिमॅचचं तिकीट कुणाला विकणार? मॅच बघायला पहाटेचा अलार्म तेवढा तिकीटविक्री सुरू झाल्यावरच लावा.