तेल न वापरता प्रोपेनवर चालणाऱ्या फ्रायरमध्ये कॅम्पवर अख्खी टर्की नीट शिजते का?

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत दहा जणांसह कॅलिफोर्नियातील जॉशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात दोन रात्री राहण्याचा तुमचा बेत आहे, गुरुवारी तिथेच टर्की करायची आहे, आणि एका मित्राने बिनतेलाचा प्रोपेन फ्रायर देऊ केला आहे. तेव्हा त्यात टर्की खरोखर शिजते का, किती वेळ आणि किती गॅस लागतो, असे तुम्ही विचारले आहे. मी याच उद्यानात, याच सुट्टीत, अशाच यंत्रावर चार वेळा टर्की केली आहे. त्यातली पहिली फसली आणि पुढच्या तीन चांगल्या झाल्या. टर्की उत्तम शिजते, पण तिचे बरेवाईट यंत्रापेक्षा आधीच्या पाच दिवसांत घरी ठरते.

प्रथम ‘फ्रायर’ हा शब्द मनातून काढून टाका, कारण या यंत्रात काहीही तळले जात नाही. चार-ब्रॉइल कंपनीचा ‘बिग इझी’ हा या जातीचा सर्वांत परिचित नमुना आहे. तो दुहेरी भिंतीचा, वरून उघडा असा पोलादी पिंप असून बर्नरची उष्णता दोन भिंतींमधल्या पोकळीत फिरते, आतली भिंत तापते आणि त्या भिंतीतून निघणाऱ्या अवरक्त किरणांनी मधल्या जाळीच्या टोपलीत ठेवलेले मांस चहूबाजूंनी भाजले जाते. तंदूर ज्याने पाहिला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. फरक इतकाच की इथे निखारे नसतात आणि गळणारी चरबी ज्योतीवर न पडता तळाच्या ताटलीत जमा होते. नेहमीच्या टर्की फ्रायरमध्ये दहा-बारा लिटर शेंगदाणा तेल साधारण ३५० अंश फॅरनहाइटपर्यंत तापवून त्यात पक्षी सोडतात. ओलसर किंवा अर्धवट गोठलेला पक्षी उकळत्या तेलात गेला की तेल उसळून थेट बर्नरवर येते, आणि म्हणूनच अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटना तेलाच्या फ्रायरपासून लोकांना परावृत्त करते. मुलेबाळे, वाळू आणि वारा असलेल्या कॅम्पवर तेलाचा विचारही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बिनतेलाच्या भाजणीत छातीवरची कातडी छान कुरकुरीत होते, पण पंखांखाली आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला ती मऊच राहते. तळलेल्या टर्कीची अपेक्षा ठेवून बसलेल्या पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवावे.

दहा जणांसाठी १२ पाउंडांची टर्की पुरते. ‘बिग इझी’मध्ये १६ पाउंडांपर्यंतचा पक्षी मावतो, परंतु मी १२-१३च्या वर जात नाही, कारण मोठा पक्षी भिंतीला टेकला की त्या जागी करपतो. आता त्या फसलेल्या टर्कीकडे येतो. ती आम्ही सोमवारी रात्री फ्रीजरमधून काढून फ्रिजमध्ये ठेवली आणि बुधवारी दुपारी बर्फाच्या कूलरमध्ये घालून निघालो. फ्रिजमध्ये दर ४ ते ५ पाउंडांमागे पूर्ण एक दिवस लागतो, म्हणजे १२ पाउंडांना तीन दिवस, हा हिशेब ठाऊक असूनही मी तो केला नव्हता. गुरुवारी दुपारी पोटात हात घातला तेव्हा आत बर्फाचा गोळा होता. अशा वेळी पक्षी पिशवीसकट थंड पाण्यात बुडवून, दर अर्ध्या तासाने पाणी बदलत, पाउंडाला अर्धा तास या हिशेबाने वितळवता येतो. परंतु आम्ही ‘जंबो रॉक्स’ या तळावर उतरलो होतो आणि तिथे पाण्याचा नळच नाही. जे होते ते पिण्याचे पाणी गाडीतून आणलेले. आम्ही तसाच पक्षी टोपलीत घातला. दोन तासांनी बाहेरून सोनेरी, आतून कच्चा. शेवटी तो कापून तुकडे साध्या शेगडीवर झाकण ठेवून शिजवले आणि चिवडा खाऊन कंटाळलेली मंडळी अंधारात, थंडीत कुडकुडत जेवली. तुमच्यावर तशी वेळ आलीच, तर मात्र भाजून पाहण्यात वेळ न दवडता सुरुवातीलाच पक्षी कापून तुकडे शिजवावेत.

आता मी गुरुवारच्या जेवणासाठी शनिवारी रात्रीच टर्की फ्रिजमध्ये हलवतो. मंगळवारी रात्री पोटातली आणि मानेकडची पुडी, म्हणजे मान, काळीज वगैरे, बाहेर काढतो, तंगड्या बांधणारी प्लॅस्टिकची कडी असली तर तीही काढतो, आणि कागदी रुमालाने पक्षी टिपून कोरडा करून त्याला मीठ लावतो. दर ५ पाउंडांना एक मोठा चमचा जाडे मीठ पुरते. मात्र वेष्टनावर पक्ष्यात मिठाचे द्रावण भरले असल्याचे लिहिले असेल, तर वरून मीठ लावू नये; दुकानातल्या पुष्कळ गोठवलेल्या टर्की तशा असतात आणि त्यांना पुन्हा मीठ लावले की खारट होतात. एक सूचना आपल्या लोकांना खटकेल. कोंबडी तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय चुलीवर न चढवणाऱ्या घरात मी वाढलो, पण टर्की धुवू नका. जंतू धुण्याने जात नाहीत, ते उष्णतेने मरतात. धुण्याने फक्त त्यांचे शिंतोडे आसपास उडतात, आणि जिथे हात धुवायलाही पाणी मोजून वापरायचे, तिथे तर हे मुळीच परवडत नाही. कच्च्या मांसाचे सगळे काम घरी आटोपून नेण्याचे खरे कारणही हेच आहे.

मसाल्याबाबत माझा प्रयोग दुसऱ्या वर्षी झाला. कातडीवर साखर, मध किंवा दह्याचे वाटण लावले की या यंत्राच्या प्रखर आचेत ते मांस शिजण्याच्या कितीतरी आधी काळे पडते, आणि तीळ-खोबरे असलेला गोडा मसालाही त्याच वाटेने जातो. म्हणून मी कातडीला वरून फक्त तेलाचा हात फिरवतो आणि मऊ लोण्यात आले, लसूण, हिरवी मिरची व मिरपूड कालवून ते कातडी व मांस यांच्या मधोमध, बोटांनी जागा करून भरतो. पिचकारीसारख्या सुईने आत रस सोडायचा असेल तर तो मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यावा, कारण मसाल्याचा कण अडकला की सुई तुंबते. पोटात सारण भरू नये. ते शिजेपर्यंत छाती वाळून जाते.

गॅसचा हिशेब सोपा आहे. यंत्राची क्षमता ताशी १६,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) आहे आणि एका पाउंड प्रोपेनमधून साधारण २१,५०० बीटीयू मिळतात, म्हणजे तासाला पाऊण पाउंड गॅस जळतो. कॅम्पच्या शेगडीला लावतात ती एक पाउंडाची हिरवी बाटली सव्वा तासाच्या आसपास संपते, शिवाय सतत मोठ्या ज्योतीवर ती स्वतःच गार पडते आणि दाब घटतो. तेव्हा २० पाउंडांचा नेहमीचा सिलिंडरच न्यावा. तो किती भरला आहे हे कळायला कड्यावर कोरलेले रिकाम्या सिलिंडरचे वजन पाहावे, जे बहुधा १७ पाउंडांच्या जवळपास असते, आणि भारतात जाताना बॅगा तोलायचा जो काटा आपल्या प्रत्येकाच्या घरी असतो त्यावर सिलिंडर लटकवून वजाबाकी करावी. गाडीत सिलिंडर उभा, बांधलेला आणि झडप बंद असावा.

आणखी एक गोष्ट मला कोणी सांगितली असती तर बरे झाले असते. या सिलिंडरच्या जोडणीत गळती झाल्यास गॅस आपोआप रोखणारी सोय असते. यंत्राची चावी उघडी असताना सिलिंडरची झडप उघडली, किंवा झडप झटक्यात उघडली, तर त्या सोयीला ती गळतीच वाटते आणि ज्योत मिणमिणती राहते. मी एकदा गॅस संपला असे समजून चाळीस मैलांची फेरी मारून नवा सिलिंडर आणला होता. वास्तविक दोन्ही चाव्या बंद करून, रेग्युलेटर सोडवून, मिनिटभर थांबून, पुन्हा जोडून झडप अगदी सावकाश उघडली असती तरी काम झाले असते. जोडणीवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, हे मात्र प्रत्येक वेळी पाहावे.

यंत्र सपाट जमिनीवर, तंबू आणि गाडीपासून किमान दहा फूट दूर ठेवावे. वारा कितीही असला तरी ते ताडपत्रीखाली किंवा तंबूच्या ओसरीत नेऊ नये. आगीइतकाच धोका कार्बन मोनॉक्साइडचा असतो आणि त्याला वास नसतो. वारा हाच तिथला खरा शत्रू आहे. निर्मात्यांच्या हिशेबाने पाउंडाला ८ ते १० मिनिटे लागतात, म्हणजे १२ पाउंडांना फार तर दोन तास. परंतु एका वादळी दुपारी तेवढ्याच पक्ष्याला मला दोन तास चाळीस मिनिटे लागली. नोव्हेंबरअखेर तिथे सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि पारा झपाट्याने उतरतो, म्हणून मी एक वाजता यंत्र पेटवतो. पक्षी टोपलीत तंगड्या खाली आणि छाती वर अशा रीतीने उभा ठेवावा आणि यंत्राचे तोंड उघडे राहू द्यावे.

घड्याळ पाहून टर्की बाहेर काढू नये. थर्मामीटर हाडाला न टेकवता छातीच्या सर्वांत जाड भागात आणि मांडीच्या आतल्या बाजूला खुपसून दोन्हीकडे १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ अंश सेल्सिअस, दिसल्यावरच काढावी. मांडी १७५पर्यंत गेली तर अधिकच मऊ लागते. उचलताना दोन माणसे आणि जाड हातमोजे हवेत. त्यानंतर वीस मिनिटे पक्षी तसाच राहू द्यावा, नाहीतर कापताच सगळा रस पाटावर वाहून जातो.

उरलेले मांस दोन तासांच्या आत हाडांवरून सोडवून कूलरमध्ये बर्फावर ठेवावे. तिथे अस्वलांची भीती नसली तरी कोल्ह्यांसारखे कायोटी आणि डोमकावळे टपून असतात, म्हणून तळाच्या ताटलीतली चरबी मातीत न ओतता पत्र्याच्या डब्यात काढावी; रात्रीच्या थंडीने ती थिजते आणि सकाळी डब्यासकट कचऱ्यात टाकता येते. हाडे मात्र टाकू नका. शुक्रवारी सकाळी कांदा आणि काळा मसाला घालून आम्ही त्यांचा रस्सा करतो, आणि त्यासाठी लागणारे तीन लिटर पाणी मी आता निघतानाच वेगळे भरून घेतो.