६० दिवसांत चार्जशीट आलं नाही तर आरोपी आपोआप सुटतो का?

तुमचा प्रश्न असा: भावाला फसवणुकीच्या गुन्ह्यात (भारतीय न्याय संहिता, कलम ३१८(४)) २ मार्चच्या रात्री अटक झाली, ३ मार्चला कोर्टात हजर केलं, अजून चार्जशीट नाही. ६० दिवस झाले की तो सुटेल का?

आपोआप सुटणार नाही, अर्ज करावा लागेल. आणि तो वेळेवर करावा लागेल, कारण अर्जाआधी चार्जशीट दाखल झालं की हा हक्क संपतो. मुदतीत चार्जशीट न आल्यामुळे मिळणाऱ्या या जामिनाला डिफॉल्ट बेल म्हणतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८७(३), म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वीचं सीआरपीसीचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम १६७(२). पुरावा किती भक्कम आहे हे इथे कोर्ट बघतच नाही. मुदतीत चार्जशीट आलं नाही आणि आरोपी जामीन द्यायला तयार आहे, एवढंच पुरतं.

आधी मुदत ६० की ९० दिवस ते पाहा. ३१८(४) ला कमाल सात वर्षं शिक्षा आहे, म्हणून ६०. पण तपासात बनावट दस्तऐवजाचं कलम ३३८ वाढवलं असेल, तर त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा असल्याने मुदत ९० होते. म्हणून फक्त एफआयआर बघून थांबू नका. प्रत्येक रिमांड अर्जाची (पोलिसांनी कोठडी मागण्यासाठी केलेल्या अर्जाची) नक्कल काढून त्यात कोणतं कलम वाढवलं आहे का ते वाचा.

मोजणी अटकेच्या तारखेपासून होत नाही. मॅजिस्ट्रेटने पहिल्यांदा कोठडी दिली तो दिवस पहिला धरायचा. पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी दोन्ही त्यात येतात. ईडी विरुद्ध कपिल वाधवान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने मार्च २०२३ मध्ये हेच ठरवलं. तिथे पहिला रिमांड १४ मे २०२० चा होता. ६०वा दिवस, १२ जुलै, रविवारी आला, आणि १३ जुलैला दाखल झालेली ईडीची तक्रार (तिथे चार्जशीटच्या जागी हीच असते) उशिराची ठरली. तुमच्या भावाचं गणित असं: मार्चचे २९, एप्रिलचे ३०, म्हणजे ६०वा दिवस १ मे. महाराष्ट्र दिनाची सुट्टी असली तरी पोलिसांना एक दिवस वाढवून मिळत नाही.

१ मे रोजी अर्ज देऊ नका, तो मुदतपूर्व ठरेल. २ मेला कोर्ट उघडताच द्या आणि आवक शिक्क्यावर तारखेबरोबर वेळही लिहून घ्या. पोलिसांनी त्याच दुपारी चार्जशीट आणलं तरी आधी दिलेला अर्ज त्याने मरत नाही, एम. रवींद्रन प्रकरणाचा २०२० चा निकाल सोबत ठेवा. सरकारी वकिलांचं म्हणणं यायचं आहे म्हणून तारीख पुढे गेली तरी हक्क तसाच राहतो. वकील हजर नसेल तर तोंडी मागणीही चालते, राकेश कुमार पॉल (२०१७). तरी लेखी अर्जच द्या, कारण नंतर वाद होतो तो नेमक्या वेळेवरून.

जास्त घोळ होतो तो पुढच्या पायरीवर. आदेश मिळाला, पण जामीनदार तयार नाही. कोर्टाने दिलेल्या मुदतीत जामीन भरला नाही आणि दरम्यान चार्जशीट आलं, तर हातातली संधी जाऊ शकते. म्हणून आत्ताच जामीनदार ठरवा: आधार, रेशनकार्ड, फोटो, सातबारा किंवा घरपट्टीची पावती. तहसीलदाराच्या ऐपतीच्या दाखल्याला दिवस लागतात. तो येईपर्यंत तात्पुरत्या रोख जामिनावर सोडावं, अशी विनंती त्याच अर्जात लिहून ठेवा. फिर्यादीची रक्कम आधी कोर्टात भरा, अशी अट डिफॉल्ट बेलला लावता येत नाही (सरवणन, २०२०).

भावावर दुसरा एफआयआर असेल तर त्याची मोजणी स्वतंत्र, त्या गुन्ह्यातल्या पहिल्या रिमांडपासून. यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा) आणि मकोका (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) यांत मुदत १८० दिवसांपर्यंत, तर एनडीपीएसमध्ये (अमली पदार्थांचा कायदा) एक वर्षापर्यंत जाऊ शकते, तुमच्या प्रकरणात तो प्रश्न नाही.

चार्जशीट मुदतीत आलं, पण ‘पुढील तपास सुरू’ असं त्यात लिहिलं असेल, तर तेवढ्यावरून डिफॉल्ट बेल मिळत नाही. मग नियमित जामिनाचाच अर्ज करावा लागेल.

सुटल्यावर चार्जशीट आलं म्हणून भावाला पुन्हा आत घेता येत नाही. मात्र त्या चार्जशीटमधून गंभीर, अजामीनपात्र गुन्ह्याचं भक्कम प्रकरण दिसलं, तर सरकार पक्ष जामीन रद्द करण्याचा अर्ज करू शकतो. तेव्हा हजेरीच्या तारखा चुकवू नका आणि चार्जशीटची नक्कल लगेच वकिलाला दाखवा.